कोरडा नळ

सव्वीस जानेवारीच्या सकाळी तापीवरचं धुकं गावात शिरलं आणि चावडीसमोरचा झेंडा नाहीसा झाला. वर कुठेतरी दोरी खांबावर आपटल्याचा आवाज तेवढा येत होता.

"सलाम कोनले करानी? झेंडा ते दिसतच नही," मृदंगाला गव्हाचं पीठ लावता लावता मगन म्हणाला.

"आवाजले कर," सिंधुबाई हसून म्हणाल्या.

सिंधुबाई या गावच्या लेक. अक्कलकुव्याला दिलेल्या. कीर्तन करू लागल्यापासून दरवर्षी या दिवशी झेंडावंदनानंतर त्यांचं कीर्तन आणि मग ग्रामसभा, असा गावाचा रिवाज. यंदा सरपंच होते त्यांचे सख्खे थोरले भाऊ, हेमकांतनाना. सभेत ठराव व्हायचा होता: गावातल्या प्रत्येक घरात नळाचं पाणी पोचलं.

नारदाच्या गादीवर उभं राहिलं की बाई ना बहीण उरते, ना लेक. थोरल्यांनीही तिच्या पाया पडायचं असतं. नाना वाकले आणि वाकल्या वाकल्या कुजबुजले, "सिंधू, आज फक्त गोड बोल. पुरा गावनं नाव शे."

सिंधुबाईंच्या पावलांना अजून गारवा होता. पहाटे त्या नदीवर निघाल्या असता धुक्यात वाट चुकल्या होत्या आणि टेकडीखालच्या पाड्यावर पोचल्या होत्या. पाय चिखलाने भरलेले. एका अंगणात नवा कोरा नळ दिसला. त्यांनी चावी फिरवली, तर आतून नुसता वारा सुटला, लांब कुणी उसासा टाकावा तसा. नळाला बांधलेली शेळी दचकून उठली. घरातून कालीबाई बाहेर आली, हसली.

"बकरी बांधाले बरा शे तो, बाई. पानी नदीवरथून आनस मी."

आणि आपल्या हंड्यातलं पाणी तिनं सिंधुबाईंच्या पायांवर ओतलं. भरपूर ओतलं.

टाळ वाजू लागले. सिंधुबाईंनी मातीचं गाणं धरलं. या काळ्या जमिनीचं, कापसाच्या पांढऱ्या वावरांचं, तापीमाईचं. चाल अशी लागली की धुकंही त्यांच्यासोबत डोलतंय असं वाटावं. बायाबापड्यांनी डोळे मिटले. नानांचा चेहरा सैल झाला.

मग त्या थांबल्या.

"या मातीला आपण आई म्हणतो. बरोबर ना? आईला ताप आला तर लेकरू लोकांना सांगतं का, माझी आई ठणठणीत आहे म्हणून? ते तिच्या कपाळावर हात ठेवतं. आज पहाटे मी पाड्यावर हात ठेवून आले. नळाला पाणी नाही. माझे पाय कालीबाईच्या हंड्यानं धुतले. मला हा देश फार आवडतो हो. म्हणूनच या गादीवरून खोटं गाववत नाही."

मगनचा हात मृदंगावर अधांतरी राहिला. पुढे भजन झालं, आरती झाली, पण नानांनी मान वर केली नाही.

सभेत त्यांनी ठराव वाचला. "मंजूर असेल त्यांनी हात वर करा."

कुणी हललं नाही. मगनच बोलला, "नाना, पाडावरना लोके हात उठाडतीन, तं आम्ही बी उठाडसूत."

पाड्यावरची माणसं मागे बसली होती, सगळे तिकडे वळले. कालीबाईनं दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून ठेवले होते.

नानांनी खिशातलं पेन काढलं. मग ओळ खोडली आणि खाली लिहून मोठ्यानं वाचलं: पाड्यावरील अकरा घरांना पाणी नाही, ते मिळेपर्यंत काम पूर्ण धरू नये. हात वर झाले. पहिल्यांदा पाड्याचे, मग उरलेल्यांचे.

धुकं विरळ होत होतं. माणसं पांगली. नाना बहिणीजवळ आले, पण बोलले समोरच्या झाडाकडे बघून.

"माले आधी सांगती तं?"

"सांगती, तं उभी ऱ्हाऊ देता का, भाऊ?"

नानांनी ठरावाच्या कागदाची घडी घातली. वर्षातून एकदाचं माहेर आता त्यांच्या उत्तरावर अडकलं होतं. सिंधुबाईंनी वीणा पिशवीत घातली, पदर सावरला.

"तुन्ही वहिनी वाट पाही ऱ्हायनी," नाना अजून झाडाशीच बोलत होते. "जेवाले चल. आनि त्या कालीबाईले बी बलाव."