वजीर बाहेर, फौज घरात

भोजराजची तेरवी झाली आणि रामलाल त्याचा बुद्धिबळाचा पट काखेत मारून घेऊन गेला. "दोस्ताची आठवण," म्हणाला. घरात कोणी अडवलं नाही. पण ओट्यावर मोहरे आपटल्याचा आवाज ऐकत दुपारी झोपायची भोजराजच्या बायकोला, निर्मलाबाईंना, आयुष्यभराची सवय. त्या आता टक्क जाग्या राहू लागल्या. शेवटी मुलगी प्रेरणा पट आणायला निघाली.

तिरोड्यात देवानंदच्या चहाच्या टपरीवर खेळणाऱ्यांचा कायदा होता: पट मागून मिळत नाही, जिंकून मिळतो. एकच डाव. हरणाऱ्याने टपरीवरचे सगळे ग्लास धुवायचे.

"खेळता येते का वं तुले?" रामलालने विचारलं.

"थोडंथोडं. काका, घोडा अडीच घरंच जातो ना?"

रामलालचा चेहरा खुलला. दुसऱ्याच चालीला त्याने वजीर बाहेर काढला, तोही ठणकन आपटून.

बाबा शिकवताना म्हणायचे, "भांडायला एकट्याला धाडू नको. आधी घरचे सगळे बाहेर काढ, राजाला कोपऱ्यात बसव, मग तोंड उघड." प्रेरणाने तेच केलं. मधली प्यादी पुढे सरकवली. घोडा निघाला तो वजिरावर धावूनच. वजीर हलला. उंट निघाला, तोही वजिरावर. वजीर पुन्हा हलला. दरवेळी ती "अरे बापरे" म्हणे आणि दरवेळी तिचा एक गडी बाहेर येई. रामलालचे हत्ती, उंट, घोडे मात्र आमंत्रण न आलेल्या सोयऱ्यांसारखे घरातच बसून.

"काऊन गा रामलाल," देवानंद म्हणाला, "तुझी बाकीची फौज सुट्टीवर हाय का?"

"चूप बे. चाय उकळ."

वजिराला जायला घर उरलं नाही. घोड्याने तो उचलला. मग मोकळ्या रस्त्याने हत्ती खाली उतरला आणि मधेच अडकून पडलेल्या राजाला मात बसली.

"भोजराज बी असाच मारे," रामलाल पटाकडे पाहत म्हणाला. "दरवेळी. तरी मी..." पुढचं त्याने चहाबरोबर गिळलं.

प्रेरणा मोहरे डब्यात भरू लागली आणि भरता भरता थांबली. पट घरी जाईल; पण समोर बसून आपटणार कोण?

"काका, उद्यापासून दुपारी घरी या. आईला झोप येत नाही. तुम्ही जोरात आपटता."

आता आपला भाव वधारला, हे रामलालने बरोबर ताडलं. तो बाकावर मागे रेलला.

"येतो ना. पण ग्लास मी नाही धुवत."

प्रेरणाने त्याच्याकडे एकवार पाहिलं, ओढणी कमरेला खोचली आणि बादली पुढे ओढली.

"जितलं कोण मग?" नुकत्याच आलेल्या गिऱ्हाइकाने गोंधळून विचारलं.

"हे पोरगी जितली," रामलाल ऐटीत म्हणाला. "देवानंद, अजून एक चाय दे. नव्या ग्लासात."