पाव फेरा जास्त

दादामियाँनी अ‍ॅम्पच्या जाळीवर तळहात टेकवला आणि आलियाला मानेनेच खूण केली. तिने गिटारची जाड तार छेडली. तळहाताला थरथर लागली. एवढं तरी ठीक होतं.

गिटार आणि अ‍ॅम्पच्या मध्ये जोडलेलं पेडल त्यांनीच बनवलेलं. एकाच डबीत आधी कॉम्प्रेसर, मग डिस्टॉर्शन. पहिला जोरकस सूर दाबतो आणि हलका सूर वर उचलतो, दुसरा त्याला खरखरीत धार लावतो. दोघांचं जमलं की सूर लांबवर टिकतो. पण दाब जास्त झाला तर मागची सुरसुरही वर येते. किती दाबायचं ते आतल्या स्क्रूवर ठरतं, आणि तो स्क्रू दादामियाँ आजवर कानानेच लावत आले होते. गेलं वर्षभर विरत जाणारा सूर त्यांना लवकर संपल्यासारखा वाटे, म्हणून दर पेडलला ते आपल्या अंदाजाने पाव फेरा जास्त देत. दोष कानांचा आहे हे त्यांना कळलं ते गेल्या महिन्यात, घरात कुकरच्या शिट्ट्या होऊनही ऐकू आल्या नाहीत तेव्हा. तेव्हापासून ते घाबरलेले होते. खडकीतल्या या खोलीपर्यंत गिऱ्हाईक येई ते त्यांच्या कानांच्या भरवशावर.

"परवा हिंजवडीला साउंडवाल्याने सगळ्यांसमोर विचारलं, मॅडम, भजी तळताय का?" आलिया म्हणाली. "उद्या परत कार्यक्रम आहे, चाचा."

सकाळी त्यांनी स्क्रू अंदाजाने सैल केला होता.

तिने तारांवर पंजा ठेवून त्या गप्प केल्या; आता अ‍ॅम्पमधून काही आलंच तर ती फक्त सुरसुर.

"आता?" तिने विचारलं.

दादामियाँनी तिचा चेहरा निरखला. काही कळेना.

"आता स्वच्छ आहे," ते म्हणाले. "तिथलं वायरिंग खराब असणार. तेजसचीही हीच तक्रार होती, त्यालाही मी तेच सांगितलं."

आलियाने अ‍ॅम्पकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. अ‍ॅम्प चालूच होता. ती स्टूल ओढून त्यांच्या अगदी समोर बसली आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हणाली,

"चाचा, स्क्रू तुम्ही फिरवा. कुठे थांबायचं ते मी सांगते."

तुला काय कळतं, असं त्यांच्या अगदी ओठांवर आलं. पण त्यांनी स्क्रूड्रायव्हर उचलला. तो दोनदा खाचेतून निसटला. नजर तिच्या चेहऱ्यावर ठेवून ते उलटा फिरवत राहिले. बऱ्याच वेळाने तिने बोट वर केलं.

"एवढं?"

"एवढं."

ते ज्याला पाव फेरा समजत होते, ते अर्ध्या फेऱ्याच्याही पुढे गेलं होतं. इतकं सगळं आपल्याला ऐकूच येत नव्हतं.

"तेजसचं पेडल मी तसंच परत पाठवलं," ते म्हणाले. "उद्या त्याचं रेकॉर्डिंग आहे."

त्यांनी मोबाइल काढून तेजसचा नंबर लावला. मोबाइल कानाला न लावता तिच्यापुढे धरला.

"तू बोल. दोष वायरिंगचा नव्हता म्हणावं. मलाच ऐकू येत नाही."