खिळ्यावरचा तुकडा

आमचा धंदा पॉलिशचा. दादा चाकावर, मी बाकी सगळीकडे. गिऱ्हाईक एकच उरलेलं, पंपवाले. त्यांचे शाफ्ट, म्हणजे पंपातले फिरते दांडे, यायचे, आम्ही घासून द्यायचो. ते गेले की शटर खाली, हे दोघांनाही ठाऊक. मी कुठंतरी चिकटलो असतो, पण दादाला दुसरं काही येतच नाही. चहासुद्धा धड नाही.

आणि त्या दिवशी अख्खा लॉट परत आला. सोबत त्यांची तपासणीवाली बाई.

"तुमच्या शाफ्टवर सील जळतायत," ती म्हणाली.

सील म्हणजे शाफ्टभोवतीचं रबराचं कडं. शाफ्टवर बारीक रेघा असल्या की त्यांत थोडं तेल टिकतं. पार आरसा करून टाकलात की तेलाला थांबायला जागाच नाही. रबर कोरडं घासतं आणि करपतं.

मी म्हटलं, "मॅडम, आम्ही सॅम्पल बघूनच काम करतो. या, दाखवतो."

ड्रॉइंगवर किती खरखर हवी याचा आकडा नव्हताच. आमच्याकडे खरखर मोजायचं मशीन नाही, म्हणून सुरुवातीलाच ठरलेलं: एक तुकडा हवा तसा घासायचा, मधोमध कापायचा, अर्धा त्यांच्याकडे, अर्धा आमच्या खिळ्यावर. शाफ्टवर नख ओढायचं, मग तुकड्यावर ओढायचं. सारखं लागलं की पास. त्या तुकड्याच्या जिवावर मी छाती काढून पुढं चाललो होतो.

तुकडा खाली काढला, तर त्यात मला माझंच तोंड दिसलं.

बाईनं पिशवीतून त्यांचा अर्धा काढून शेजारी ठेवला. तो राखाडी, मंद. आमचा झगझगीत. सख्खी भावंडं म्हणून कुणी ओळखली नसती.

"दादा," मी म्हटलं, "याला हात कुणी लावला?"

"मी," दादा सरळ म्हणाला. "काळवंडला होता रे. आलागेला आधी तोच बघतो. पॉलिशच्या दुकानात मळका तुकडा लटकतोय, बरं दिसतं का? मारतो अधूनमधून चाकावर."

"अधूनमधून!"

"ओरडतोस काय? तू तोंड धूत नाहीस?"

बाई हसली नाही. दादानं दोन्ही तुकड्यांवर नख ओढलं. परत ओढलं. मग हळूहळू त्याचा चेहरा उतरत गेला.

"ताई, रेघा परत काढून देतो. सँडपेपरनं, हातानं."

"काढा. पण माप राहिलं पाहिजे."

त्यानं एक शाफ्ट लेथला लावला, पेपर गुंडाळून धरला. रेघा अशा उतरल्या, की काय सांगू! नखाला अगदी त्यांच्या तुकड्यासारख्या. मग बाईनं जाडी तपासायचा गेज लावला. माप बरोबर असेल तर तो शाफ्टवर चढता कामा नये. सैल चपलेत पाय जावा तसा चढला. चकाकीनंच सगळं लोखंड खाल्लेलं, रेघांसाठी काही उरलंच नव्हतं.

"दुसरा लावतो. पेपर हलका धरतो."

दुसऱ्यावरही गेज चढला. दादानं तिसरा उचलला.

"काका, राहू द्या," बाई म्हणाली.

मी तिच्या मागं लागलो. "मॅडम, आकडा लिहून द्या. मशीन आणतो कुठनंही. आमचा तुकडासुद्धा तुमच्याच कपाटात ठेवा. पण काम बंद करू नका हो. हा माणूस करेल काय?"

"वरच्यांचं ठरलंय. दोन्ही तुकडे जुळले असते तर मी भांडले असते तुमच्यासाठी. आता कशाच्या जोरावर भांडू?"

तिनं आपला अर्धा उचलायला हात पुढं केला. टेबलावर तो नव्हता.

दादाच्या हातात होता. तो तिच्याकडंच बघत होता, डोळे भरलेले, आणि खाली अंगठा शर्टाच्या टोकानं तुकडा घासत होता. गोल गोल, जोर लावून.

"दादा, ठेव तो!"

त्यानं खाली बघितलं. चटका बसल्यासारखा तुकडा टेबलावर टाकला.

"डाग होता," तो म्हणाला.

बाईनं तुकडा पिशवीत घातला आणि ती गेली. मी रिकामंच फिरत असलेल्या चाकाचं बटण बंद केलं. चाक थांबायला बराच वेळ लागतो. दादा ते थांबेपर्यंत बघत उभा राहिला.