आत्याच्या हाताखालची कॅचर

कॅचर घडवावी तर आत्यानंच, असं मैदानावर सगळे म्हणत, आणि आत्याचंही त्याबद्दल काही दुमत नव्हतं. चौदा वर्षांखालच्या मुलींच्या सॉफ्टबॉल संघाला ती नऊ वर्षं कॅचर तयार करून देत होती. पोटापाण्याचा धंदा सोफे आणि खुर्च्या शिवण्याचा. संध्याकाळचे पाच वाजले की दुकानाचं शटर खाली ओढायचं, चेंडूंची पिशवी खांद्यावर टाकायची आणि तडक मैदान गाठायचं. मुलींच्या छातीची पॅडं आणि गुडघ्यांचे गार्डही तीच शिवायची. बाजारातल्या पॅडमध्ये स्पंज भरतात की भुसा, देव जाणे, असं तिचं मत होतं, आणि ते ती कुणी न विचारता सांगायची.

सध्या तिच्या हाताखाली दोघी होत्या. एक गोटी, गोलमटोल आणि मितभाषी. दुसरी आत्याची सख्खी भाची, टकळी. हे नाव का पडलं ते तिच्याशेजारी पाच मिनिटं बसलं की कळायचं. पण टकळीची ही खोड प्लेटमागे, म्हणजे बॅटवालीच्या पाठीशी कॅचर बसते तिथं, सोन्यासारखी होती. सॉफ्टबॉलमध्ये आठ जणी प्लेटकडे तोंड करून उभ्या राहतात, एकटी कॅचर त्या आठ जणींकडे तोंड करून बसते. सगळा खेळ तिला दिसतो, आणि बाकीच्यांना काय करायचं ते तीच ओरडून सांगते. टकळीला आयुष्यात पहिल्यांदाच बोलल्याबद्दल शाबासकी मिळाली ती तिथं. दोन वर्षांपूर्वी एकदा ती तिथं बसली आणि तिथलीच झाली.

आत्याचं शिकवणं साधं होतं. जमिनीवर आपटून येणारा चेंडू पकडायला जायचं नाही. दोन्ही गुडघे टेकायचे, मधली फट मिटनं, म्हणजे कॅचरच्या जाडजूड हातमोज्यानं, बुजवायची, हनुवटी छातीला लावायची आणि चेंडू अंगावर घेऊन पुढ्यात पाडायचा. "पाहुण्याला घरात घ्यायचं नाही, पण दारातून परत जाऊही द्यायचं नाही," ती म्हणायची. "उंबऱ्यावर बसवायचा." मग दहा पावलांवर उभी राहून ती वीस चेंडू टाकायची, काही सरळ, काही मातीत. कुठला कसा येणार हे अर्थातच सांगायची नाही. टकळी त्यातले एकोणीस अडवायची. विसावा सुटायचा तो बडबडीच्या नादात, असं आत्यानं ठरवून टाकलं होतं.

त्या बुधवारी मात्र नाक कापलं गेलं. संघाचा प्रशिक्षक म्हणजे कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानाचा मालक. मुली त्याला सर म्हणत, आत्या साहेब म्हणायची, आणि त्यात आदर किती आणि चेष्टा किती हे त्याला अजून उलगडलं नव्हतं. त्याची पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी लांबडी, हिनं नवा चेंडू बसवला होता, ड्रॉप. सरळ येता येता तो प्लेटजवळ एकदम खाली बसायचा आणि बॅटवालीची बॅट वाऱ्यावर फिरायची. नवाच असल्यामुळे कॅचरनं बोटांच्या खुणेनं ड्रॉप मागितला तरी तो कधी बसायचा, कधी सरळच जायचा. पण बॅट चुकली की चेंडू मातीत आपटणार, आणि तो कॅचरनं अडवला नाही तर तिसऱ्या बेसवरची धावणारी आरामात घरी, म्हणजे प्लेटवर, येऊन एक रन खिशात घालणार.

"बसवा तुमच्या भाचीला," सर म्हणाले. "बघू या."

लांबडीनं सरळ चेंडूंच्या मध्येमध्ये, न सांगता, दहा ड्रॉप टाकले. टकळीनं तीन अडवले. बाकीचे सात तिच्या बगलेखालून, गुडघ्याशेजारून, एक तर चक्क डोक्यावरून मागच्या जाळीला जाऊन लागले. दर वेळी ती खाली बसायची ती चेंडू निघून गेल्यावर.

"पोरगी घाबरतेय, बाई," सर म्हणाले.

आत्याच्या मस्तकात तिडीक गेली. "ती कुणाच्या बापाला घाबरत नाही, साहेब. स्वतःच्या बापाला तर मुळीच नाही. तो माझा भाऊ आहे, मला माहीत आहे."

"मग काय झालंय तिला?"

आत्यानं तिथल्या तिथं पिशवीतून दहा चेंडू काढले आणि स्वतः टाकले. टकळीनं दहाच्या दहा अडवले. सरांनी डोकं खाजवलं. शनिवारी मोसमाचा शेवटचा सामना होता, जिंकला तर संघ पहिला येणार होता. "मला शनिवारी लांबडीचा चेंडू अडवणारी हवी," ते म्हणाले. "शुक्रवारपर्यंत जमलं तर ठीक. नाहीतर, गोटी अजून कच्ची आहे म्हणून, प्लेटमागे दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधली शॉर्टस्टॉपवाली बसेल आणि टकळी जाईल लांब, बाहेरच्या फील्डमध्ये." लांब म्हणजे जिथं बोलायला गवताशिवाय कुणी नाही. घरी जाताना टकळी अख्खा रस्ता गप्प होती. आत्याला त्या गप्प बसण्याचीच धास्ती वाटली.

गुरुवारी दुपारी शाळा सुटल्यावर टकळी थेट दुकानात आली. आत्या एका खुर्चीच्या पाठीला रेक्झिन ठोकत होती. बारीक खिळे ओठांत धरलेले, एक एक काढायचा आणि ठोकायचा, ही तिची पंचवीस वर्षांची सवय. भाचीचा पडलेला चेहरा बघून तिनं हातोडी ठेवली, दोन सोफे बाजूला लोटले, भिंतीला फोमच्या लाद्या उभ्या केल्या आणि बोटानं खूण केली, बस. मग चिंध्यांचे चार-पाच गोळे घट्ट वळून ती टाकायला लागली. खिळे काढून ठेवायचा कंटाळा म्हणून ते तोंडातच राहिले.

पहिला गोळा सुटला. दुसरा सुटला. सलग पाच गोळे टकळीच्या आजूबाजूनं फोमवर जाऊन आपटले. लांबडीचा ड्रॉप समजण्यासारखा होता, पण आत्याच्या हातचे चिंध्यांचे गोळे? आत्यानं भुवया उंचावल्या.

"तोंड मोकळं कर ना," टकळी कुरकुरली. "खिळे असले की कळत नाही."

आत्यानं खिळे तळहातावर घेतले. "काय कळत नाही?"

"सरळ टाकणार की खाली ते. खाली टाकायच्या आधी तू खालचा ओठ दातात धरतेस ना."

"मी?"

"नेहमी. गोटीलाही माहीत आहे. आम्हाला वाटलं, ती खूणच आहे." टकळी आता सुरू झाली होती. "म्हणून काल मी लांबडीच्या तोंडाकडे बघत बसले. पण ती काही खूणच करत नाही. सारखी च्युइंगम चघळते. त्यावरून काय समजणार?"

आत्या खुर्चीच्या उघड्या सांगाड्यावर बसली. दर वर्षी तिच्या कॅचर सरावात वाघ असायच्या आणि पहिल्या चार-पाच सामन्यांत शेळ्या. त्याला ती सामन्याचं दडपण म्हणायची आणि पोरींना झाडायची. मन घट्ट करा, म्हणायची. नऊ वर्षांत किती पोरींना तिनं हे ऐकवलं असेल, आणि त्यातल्या दोघी-तिघी तर कंटाळून खेळ सोडून गेल्या होत्या. त्यांचे चेहरे तिला आठवले आणि तिला स्वतःची लाज वाटली. चेंडू बघायला शिकवायचं सोडून तिनं सगळ्यांना स्वतःचं तोंड बघायला शिकवलं होतं.

पण लाजेत फार वेळ बसून राहणाऱ्यांतली ती नव्हती. उठली, सोफ्यांना खालून लावायचं अस्तराचं कापड फडताळातून ओढलं, लांब दोरी घेतली आणि भाचीला म्हणाली, "चल. वेळ थोडा आहे."

मैदानावर आधी ती सरांकडे गेली. "साहेब, पोरीत काही खोट नाही. चूक माझी आहे," असं म्हणून तिनं सगळं सांगितलं, ओठासकट. सर हसतील असं तिला वाटलं होतं. हसले, पण थोडंच.

"रोग कळला ना," ते म्हणाले. "औषधाला किती दिवस?"

"दोन."

"दोनच आहेत."

आत्यानं दोन खांबांना दोरी बांधली आणि कापड असं टांगलं की त्याची खालची कड कमरेशी यावी. सॉफ्टबॉलचा चेंडू सुटतो तो खालून, कमरेजवळून. त्यामुळे पडद्यामागे उभं राहिलं की डोकं, खांदे, ओठ, सगळं झाकलं, आणि टकळीला दिसायचे फक्त दोन पाय आणि चेंडूचा हात. गोटीनं ते पाहून नाटकाचं तिकीट कुठं मिळतं म्हणून विचारलं. महिन्याभरातलं तिचं ते सर्वांत लांब वाक्य होतं.

पहिल्या विसात टकळीनं आठ अडवले. एक चेंडू दंडावर बसला, एक मास्कच्या जाळीवर खणकन वाजला.

"आत्या, काहीच कळत नाही," ती ओरडली.

"कळायची घाई कशाला? बघ," पडद्यामागून उत्तर आलं.

"कशाकडे?"

"हाताकडे. चेंडू हात कुठं सोडतो तिथं. बाकी सगळं खड्ड्यात गेलं असं समज."

दुसऱ्या विसात नऊ. तिसऱ्यात पुन्हा आठ, आणि टकळीच्या डोळ्यांत पाणी आलं. आत्यानं ते पडद्याखालून पाहिलं नाही, पण मुसमुसणं ऐकलं. तिचा जीव कळवळला. एकदा वाटलं, पडदा बाजूला करावा, पोरीला जवळ घ्यावं. ती तशीच उभी राहिली आणि पुढचा चेंडू टाकला. बुधवारी या पोरीनं दहाच्या दहा अडवले होते, म्हणजे अंग तयार होतं, डोळेच तेवढे चुकीच्या जागी होते. डोळे जागेवर आणायला जास्तीत जास्त किती वेळ लागणार?

शुक्रवारी पडद्यामागे लांबडी उभी राहिली. पाच-सहा चेंडू सुटले, आणि मग टकळी एकदम म्हणाली, "थांब. ड्रॉपला हाताची पाठ वर दिसते. सरळला तळवा दिसतो." लांबडीनं पडद्यावरून डोकं काढलं. तिला स्वतःलाही हे माहीत नव्हतं. पुढच्या वीस चेंडूंपैकी टकळीनं सतरा पुढ्यात पाडले. मग आत्यानं पडदा उतरवला, आणि आणखी वीस टकळीनं लांबडीच्या चघळणाऱ्या तोंडासमोर घेतले. अठरा. आत्यानं दोरी गुंडाळली. "झालं," ती सरांना म्हणाली, आणि त्या एका शब्दात तिला काही शंका नव्हती.

सरांना होती. शनिवारी त्यांनी टकळीला प्लेटमागे बसवलं, पण अट घातली. तिसऱ्या बेसवर धावणारी असेल तेव्हा ड्रॉप मागायचा नाही, आधी बाकाकडे बघायचं. आत्यानं वाद घातला, ते ऐकेनात. सहा डाव ही वेळ आली नाही. सातव्या, शेवटच्या डावात आली. आपला संघ एका रननं पुढे, समोरच्यांचे दोन बाद, तिसऱ्या बेसवर धावणारी. आणि बॅटला त्यांची ती दांडगी, जिनं मघाशी लांबडीचा सरळ चेंडू कुंपणापर्यंत तडकवला होता. सरळ टाकला तर ती फोडणार. ड्रॉप सुटला तर बरोबरी.

सर आत्याकडे वळले. "काय करायचं, बाई?"

आत्या उत्तर देणार तोच तिची नजर प्लेटकडे गेली. टकळी दांडगीच्या पायांकडे बघत होती. मग तिसऱ्या बेसकडे. मग तिनं मांड्यांच्या आडोशाला दोन बोटं खाली सोडली. ड्रॉप. बाकाकडे तिनं मान वळवली नाही. सरांचा हात थांबवायला वर गेला, आणि आत्यानं ते मनगट धरून खाली ओढलं.

चेंडू आला, बसला, मातीत आपटला. दांडगीनं बॅट आवरली. तिसऱ्या बेसवरून धावणारी सुसाट निघाली होती. पण टकळीचे गुडघे चेंडूच्या आधी जमिनीला लागले होते. चेंडू छातीवर थडकला आणि पुढ्यात, हातभर अंतरावर पडला. तिनं तो उचलला, वळली आणि घसरत येणाऱ्या त्या पोरीच्या नडगीवर, प्लेटला तिचा पाय लागायच्या आत, चेंडूसकट मिट टेकवला. पंचानं बाद म्हणून मूठ वर केली. सामना संपला.

मुली प्लेटकडे धावल्या. सर जागेवरच उभे होते, आत्याच्या बोटांचे वळ पडलेलं मनगट चोळत.

"तिनं माझ्याकडे बघितलंच नाही," ते म्हणाले.

"माझ्याकडेही नाही," आत्या म्हणाली. हे तिला थोडं लागलं, आणि त्याहून कितीतरी जास्त अभिमान वाटला.

गर्दीतून टकळी धावत आली. ती येतानाच बोलत होती. दांडगीचा पुढचा पाय कसा उघडा पडला होता, लांबडीला मान हलवून नाही म्हणायचं होतं पण तिनं कसे डोळे वटारले, तिसऱ्या बेसवालीनं आधीच टाच कशी उचलली होती. यातलं काहीच आत्यानं तिला शिकवलं नव्हतं. आत्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सोमवारी गोटीला चेंडू तू टाकायचे."