कुशीवरचं वाचन

माझी नात रुना नऊ वर्षांची. तिचे डोळे वर-खाली छान फिरतात, पण डावीउजवीकडे ढिम्म हलत नाहीत. बाजूला बघायचं तर ती पापण्या मिटते आणि अख्खं डोकं झटक्यात वळवते. उत्तर स्वीडनमधल्या आमच्या कालिक्स नदीकाठच्या काही घराण्यांत हा आजार पिढ्यानपिढ्या उतरत आलाय. अंगातली एक प्रकारची चरबी मोडत नाही, साठत जाते आणि हळूहळू मेंदूलाही त्रास देते. दर पंधरवड्याला दवाखान्यात शिरेतून औषध घेते पोर, पण तिला रडताना मी पाहिलं नाही. मी मात्र दाढ काढताना गाव डोक्यावर घेतलं होतं.

वाचन म्हणजे तिचा छळ. दर शब्दाला डोक्याला झटका, की ओळ हरवलीच. तिच्या सोल्वेगबाईंनी निरोप धाडला : परीक्षेत पानभर वाचता आलं नाही, तर पुढच्या वर्षी तिला शहरातल्या वेगळ्या शाळेत घालावं लागेल.

"मला नाही जायचं," रुना म्हणाली. "माझी माणसं इथे आहेत."

एप्रिलातही नदी गोठलेली होती. मी बर्फाला भोक पाडून गळ टाकला आणि आमच्याकडच्या रीतीप्रमाणे कॉफीत चीजचे तुकडे सोडले. रुना रेनडियरच्या कातड्यावर डाव्या कुशीला लवंडली. पुस्तक तिने समोरच्या बर्फावरच्या घसरगाडीला टेकवून उभं केलं आणि वाचू लागली. भराभर. डोकं जागचं हललं नाही.

"पाठ केलंस काय गं, लबाडे?"

"नाही हो आजोबा. आडवं पडलं की ओळी वरून खाली येतात. तुमच्या गळाच्या दोरीसारख्या."

मी पान उलटलं. तेही तिने तसंच वाचलं. आम्ही शहाणी माणसं वर्षानुवर्षं तिला 'ताठ बस' म्हणत आलो, आणि पोरीने आपली वाट आपणच काढली. मला तिचा इतका अभिमान वाटला की गळाला मासा लागलाय हेही कळलं नाही. मासा पळाला.

परीक्षेला मी सोबत गेलो. रुनाने पुस्तक उभं करून डावा गाल बाकावर टेकला.

"ताठ बस, रुना. ही काय झोपायची वेळ आहे?" सोल्वेगबाई म्हणाल्या.

ती ताठ बसली. एक झटका, दुसरा झटका, ओळ हरवली. बाईंनी शेरा लिहायला पेन्सिल उचलली. माझ्या तोंडाशी शिव्या आल्या होत्या, पण रुना आधी बोलली.

"बाई, एकदा माझ्या पद्धतीने वाचू द्या. नाही जमलं तर जाईन मी शहरात."

तिने पुन्हा गाल टेकला आणि पानभर वाचलं. दोनदा अडखळली, पण त्या शब्दांना मीही अडखळतो. मग बाईंनीही समोर बसून आपला गाल बाकावर टेकला आणि तिचे डोळे बघत राहिल्या.

"वाच, पुढचं पान वाच," त्या म्हणाल्या.

ऑगस्टात शाळा उघडली. रुनाचं विसरलेलं जाकीट द्यायला गेलो, तर वर्गावर बदली बाई होत्या. बाकावर डोकं टेकलेली पोर त्यांना दिसली.

"ए मुली, ऊठ. वर्गात झोपायचं नसतं."

रुना मान वळवायच्या आत अख्खा वर्ग बोलला, "बाई, ती वाचतेय."