बशीच्या मधोमध साखर

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, असं आमच्या घरात सगळे म्हणतात. म्हणोत बापडे. ऐन थंडीत प्रयोगशाळेतली उबवणपेटी बंद पडलेली, विजेचा काही नेम नाही आणि सोमवारी संस्थेचे अध्यक्ष प्रयोग बघायला येणार. अशा वेळी ज्याचं डोकं थंड राहतं त्याला माझा कोपरापासून नमस्कार.

ही १९९९ सालची गोष्ट. जालन्यातल्या एका कॉलेजात मी तासांवर शिकवत होते. जूनपासून जैवतंत्रज्ञानाचा वर्ग काढा, म्हणून वर्षभर सगळ्यांचं डोकं खाल्लं होतं. रिकामी खोली एकच होती आणि ती टायपिंगवाल्यांना द्यायचं घाटत होतं. अध्यक्ष अण्णासाहेब आष्टीकडचे, बियाण्याच्या धंद्यातले. ते म्हणाले, "मॅडम, नुस्त्या बोलण्यावर मी खोली देत नसतो. डोळ्यानं दाखवा." खोली गेली की वर्ग गेला आणि माझी नोकरीही गेली, हे उघड होतं.

दाखवायचं होतं यीस्ट, पाव फुगवतात ते. त्याच्या एवढ्याशा पेशीत हजारो जनुकं असतात, पण सगळी एकदम कामाला लागत नाहीत. गॅलॅक्टोज नावाची साखर समोर आली की ती पचवायची जनुकं चालू होतात, एरवी बंद. माझ्या पुण्याच्या सरांनी दिलेल्या यीस्टमध्ये त्याच चालू-बंदच्या बटणाला निळा रंग आणणारं जनुक जोडलेलं होतं. जनुक चालू झालं की यीस्ट निळं. जनावरांच्या पेशींत अशीच बटणं बसवून उद्या औषधं बनवता येतील, असं सर सांगायचे, आणि ते ऐकून माझ्या अंगावर काटा यायचा.

शनिवारी गॅलॅक्टोज घातलेल्या काचेच्या बशीवर मी यीस्ट पसरलं आणि ऊब मिळावी म्हणून बशी कागदानं झाकून घरी आणली. भाकरीच्या दुरडीत घालून चुलीमागच्या फळीवर ठेवली. मायला बजावलं, "हात लावू नको."

सोमवारी अण्णासाहेब आले. मायही आली. लेकीचा प्रयोग बघायला इस्त्रीचं लुगडं नेसून मागच्या बाकावर बसली. मी बशीवरचा कागद काढला. कडेनं सुरेख निळं, मधोमध पांढराफटक गोल.

"मधी नासलं की हो, मॅडम," अण्णासाहेब म्हणाले. "बियाणं असं निघालं असतं तर शेतकऱ्यानं मला दारात उभं केलं न्हसतं."

मागून माय म्हणाली, "असं कसं नासंल? म्या तर त्याचंबी तोंड गोड केल्तं."

"काय केलंस?"

"चिमूटभर साखर ठुली मधी. तू परीक्षेला निघालीस की तुझ्या हातावर ठेवतेच ना? मंग ह्येचीबी परीक्षाच व्हती."

मी ओरडले. चारचौघांत, अध्यक्षांसमोर, जे तोंडाला येईल ते बोलले. माय खाली मान घालून बसली. आणि ओरडता ओरडताच माझी नजर पुन्हा त्या पांढऱ्या गोलावर गेली.

नासलं कुठे होतं? आपली रोजची साखर फोडून यीस्टला ग्लुकोज मिळतं, आणि ते पुढ्यात असलं की यीस्ट दुसऱ्या कशाकडे ढुंकून बघत नाही. गॅलॅक्टोजचं बटण बंदच ठेवतं. मायची साखर जिथे पडली तिथे जनुक बंद, जिथे पोचली नाही तिथे चालू. एकाच बशीत दोन्ही! मी भराभर सगळं सांगितलं. अण्णासाहेब हसले.

"फसल्यावर कारण सांगणारे लई बघितले, मॅडम."

"मग होण्याआधी सांगते. चिमूटभरच साखर आहे. ती खाऊन संपली की मधलं यीस्टही निळं होईल. परवा या."

"अन् न्हाई झालं तर?"

"तर खोली टायपिंगला द्या."

बोलून गेले खरी, पण साखर किती पडली, कधी संपेल, कोण जाणे! घरी माय माझ्याशी बोलली नाही, नीट जेवलीही नाही. मी मात्र बशी पुन्हा दुरडीत ठेवून दर थोड्या वेळानं डोकावत होते. मंगळवारी संध्याकाळपर्यंत पांढरं ते पांढरंच.

बुधवारी अण्णासाहेबांची जीप आली. या वेळी कागद त्यांनीच काढला. बशी उजेडात धरली, फिरवली, पुन्हा फिरवली. मधला गोल निळा झाला होता. कडेपेक्षा जरा फिका, पण निळा.

"बराबर," ते हळूच म्हणाले. "खाऊन झालं तव्हा कामाला लागलं. खोली तुमची, मॅडम." मग दारातल्या मायकडे वळून म्हणाले, "चांगुणाबाई, जूनमध्ये पोरांना हेच दाखवू. साखर तुमचीच."

माय दाराशीच उभी होती. आत यायचं धाडस झालं नव्हतं. उजवी मूठ घट्ट मिटलेली. सकाळी घरून निघताना तिनं माझ्या हातावर साखर ठेवली नव्हती, जन्मात पहिल्यांदाच. आणली मात्र होती.

मला भडभडून आलं. मी तिच्यापुढे जाऊन उभी राहिले, आणि हात पुढे न करता लहानपणीसारखं तोंडच उघडलं.