दर पंधरा मिनिटांनी

विद्यापीठाची ईमेल बाहेरून कुणाला उघडू द्यायची, हे पाहणारा माणूस जिन्याखालच्या खोलीत बसायचा. लोक त्याला ‘दरवान’ म्हणत, आणि त्यालाही ते पटायचं. आवारातल्या नेटवर्कवर मेल सगळ्यांनाच उघडता येई. बाहेर पाऊल टाकलं की दरवानाची परवानगी लागे.

रोज सकाळी तो कालपासूनच्या नोंदी उघडायचा आणि आधी एकच नाव शोधायचा. ताईचं. ग्रंथालयात तीस वर्षं काढलेली त्याची थोरली बहीण जाऊन तीन महिने झाले होते, पण तिचा फोन अजून घरून दर पंधरा मिनिटांनी मेल तपासत होता. म्हणजे भावोजी तो रोज चार्जिंगला लावत होते. म्हणजे उठत होते, हिंडत-फिरत होते. ताई गेल्यापासून त्यांनी कुणाचा फोन उचलला नव्हता, आणि दार वाजवलं तर आतून “नंतर ये” एवढंच. त्यांची खुशाली कळायची ती नोंदीतल्या ताईच्या नावाच्या ओळीतून. ओळ दिसली की दरवान चहा प्यायचा. दुःख वगैरे काही वाटायचं नाही; दात काढल्यावर गाल होतो, तसा तो अख्खाच बधिर झाला होता.

मग कुणीतरी एका निवृत्त प्राध्यापकाच्या पडून राहिलेल्या खात्यातून बाहेरून घुसलं आणि साऱ्या विद्यापीठाला लॉटरी लागल्याचं कळवलं. साहेबांनी फर्मान काढलं: ओळखपत्र घेऊन जो स्वतः दरवानाच्या खिडकीवर येईल त्याचीच परवानगी राहील, बाकीच्यांची शुक्रवारी पाचला बंद.

शुक्रवारी साहेब दारात घुटमळले. “तुझ्या घरचं एक नाव राहिलंय. सोमवारी बघू, हवं तर.”

“सोमवारी काय ती येणार आहे?” दरवान म्हणाला आणि बटण दाबलं. सव्वापाचला ओळ आली नाही. त्याने टेबल आवरलं, घरी जाऊन जेवला, झोपला. रडू आलं नाही.

सोमवारी खिडकीशी भावोजी उभे. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं वरखाली. त्यांनी ताईचा फोन पुढे केला.

“शुक्रवारपासून हिला मेल येत नाहीये रे. बघ जरा.”

तेवढ्यात फोनला आवारातलं नेटवर्क सापडलं आणि तो वाजायला लागला. एकामागून एक, सात वेळा. ग्रंथालयाची सूचना, पाणी बंद असल्याची सूचना, कुणाची तरी हरवलेली छत्री.

“चालू झाला की!” भावोजींचा चेहरा उजळला.

“इथंच चालेल, भावोजी. घरी नाही चालणार आता. मीच बंद केलंय.”

भावोजी रागावले असते तर बरं झालं असतं. पण त्यांनी नुसती मान डोलावली आणि फोन नीट खिशात ठेवला.

“मग रोज इथं घेऊन येत जाईन तिचा फोन. खिडकी किती वाजता उघडतोस?”

खिडकी दहाला उघडायची.

“नऊला,” दरवान म्हणाला. त्याचा आवाज फाटला. मग तो स्वतःची खुर्ची उचलून बाहेर ठेवायला गेला.